‘आहे’ या शब्दासाठी : मराठी अभ्यासमंडळास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
मराठी अभ्यासमंडळ

(विद्यापीठाचं नाव लिहिलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. इतर वाचकांनी आपापल्या विद्यापीठाचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही, अशी माझी शंका आहे.)

स. न. वि. वि.

मंडळाच्या गेल्या बैठकीचं इतिवृत्त परवा हाती आलं. बारा पानांत माझ्या प्रस्तावाच्या वाट्याला एक ओळ आली आहे : ‘सदर प्रस्ताव सांप्रदायिक स्वरूपाचा व कालबाह्य असल्याने अमान्य.’ त्याच्या खालच्या ठरावात तृतीय वर्षाची ‘मराठीतील तत्त्वकाव्य’ ही ऐच्छिक अभ्यासपत्रिकाही बंद करून टाकली आहे. प्रस्ताव या पत्रिकेत वीस पानांची भर घालावी एवढाच होता. तेल गेलं, तूप गेलं आणि धुपाटणंसुद्धा आपण काढून घेतलंत.

वाचकांसाठी थोडं सांगतो. या पत्रिकेत आम्ही ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तल्या निवडक ओव्या आणि ‘चांगदेव पासष्टी’ शिकवत होतो. त्याला जोडून विसाव्या शतकातल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांतली वीसेक पानं घ्यावीत, असं मी सुचवलं होतं. तेराव्या शतकात नेवाशाला आणि आळंदीला जी भाषा बोलली गेली, तीच मुंबईच्या खेतवाडीतल्या एका विडीवाल्याच्या, म्हणजे याच महाराजांच्या, तोंडी सातशे वर्षांनी कशी आली, हे मुलांना सलग दिसावं, एवढाच हेतू.

मी कोण, हेही सांगायला हवं. तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, अकरावं वर्ष चालू आहे. पगार तासांवर, मे महिना कोरडा. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर दोन मित्रांनी ‘कशाला पंगा?’ असं विचारलं, आणि त्यांचं फार चुकलं असंही नाही. नोकरी घाटावर असली तरी गाव मालवण तालुक्यात. कांदळगाव आमच्या घरापासून सायकलीच्या अंतरावर. निसर्गदत्त महाराज, म्हणजे मारुती शिवरामपंत कांबळी, त्या गावात वाढले. जन्म मुंबईचा, १७ एप्रिल १८९७, हनुमान जयंतीचा, म्हणून मारुती. वडील मुंबईत घरकाम करणारे, पुढे गावी येऊन थोडी शेती. १९१५ साली वडील गेले, आणि कोकणातल्या हजारो पोरांसारखा हा पोरगाही १९१८ साली मुंबईला गेला. काही दिवस कारकुनी केली, ती मानवली नाही. मग विड्या-तंबाखूचं दुकान काढलं. एकाची पुढं आठ दुकानं झाली.

माझे आजोबा गिरणीत होते. सोबतच्या एका माणसानं त्यांना एका रविवारी खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत नेलं. पोटमाळ्यावर दाटीवाटीनं माणसं बसलेली, दोनचार गोरे, आणि समोर एक काटकुळा म्हातारा हात उडवत मोठ्यानं बोलतोय. आजोबा घरी येऊन म्हणाले, “माका कायएक कळाक नाय, पण माणूस सरळ बोलता.” पुन्हा काही ते गेले नाहीत. सुट्टी मिळाली नाही की मन झालं नाही, देव जाणे.

हे घरात ऐकलेलं होतं, पण मराठी घेऊन एम. ए. झालो तरी एकाही पाठ्यपुस्तकात हे नाव भेटलं नाही. भेटलं ते पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात, इंग्रजीत. आत लिहिलेलं होतं की हे संवाद मराठी ध्वनिफितींवरून अनुवादित केलेले आहेत. पाऊस भुरभुरत होता, पुस्तकवाला प्लास्टिक ओढत होता, आणि मी त्या ओळीतला ‘मराठी’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत उभा होतो.

मी भक्त नाही. कुणाचा अनुग्रह घेतलेला नाही. हे पत्र एका मराठीच्या मास्तरचं आहे, आणि माझ्या तक्रारीही मास्तरी आहेत.

पहिली तक्रार ‘सांप्रदायिक’ या शब्दाबद्दल. हा निकष लावायचाच असेल तर आपला सगळा अभ्यासक्रमच पुन्हा काढायला बसावं लागेल. ‘लीळाचरित्र’ महानुभावांचं. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम वारकऱ्यांचे. ‘दासबोध’ समर्थांच्या मठांतला. हे सगळं बाजूला काढलं तर आपल्या हाती पंडितांचे श्लोक, शाहिरांच्या लावण्या आणि थेट केशवसुत उरतील. मग ही मंडळी चालतात आणि निसर्गदत्त महाराजांचा इंचगिरीचा संप्रदाय तेवढा सांप्रदायिक ठरतो, याचं कारण इतिवृत्तात नाही. मला वाटतं, कारण एवढंच आहे की तो आपल्याला माहीत नाही. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण माहीत नसलेल्या गोष्टीवर शेरा मारताना एखादा दूरध्वनी तरी करता आला असता.

म्हणून थोडी माहिती. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं उमदी हे भाऊसाहेब महाराजांचं गाव. त्यांनी इंचगिरीला मठ उभारला, तो आज कर्नाटकात, विजापूर जिल्ह्यात येतो. त्यांचे एक शिष्य गुरुदेव रा. द. रानडे, तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू. दुसरे सिद्धरामेश्वर महाराज. त्यांची समाधी मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगेवर आहे. तेव्हा विद्यापीठाला हा संप्रदाय परका आहे असं निदान रानड्यांचं नाव ऐकलेल्यांनी तरी म्हणू नये. सिद्धरामेश्वर सांगत की परमार्थाच्या वाटा दोन : मुंगीची आणि पाखराची. मुंगी झाडाच्या बुंध्यापासून सरपटत फळाकडे जाते, पाखरू एका झेपेत जाऊन बसतं. ते स्वतः पाखराची वाट शिकवत. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे देह एकेक करून बाजूला ठेवत ‘मी’ नेमका कुठे सापडतो ते पाहायचं, हा त्यांचा धडा. १९३३ साली मारुती कांबळी त्यांच्याकडे गेले. गुरूंनी सांगितलं ते थोडक्यात असं : तू स्वतःला जे समजतोस ते तू नाहीस, ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेव आणि ती कुठून येते ते बघ. दुकानात विड्या विकता विकता हा माणूस तेवढंच करत राहिला. तीनेक वर्षं.

सिद्धरामेश्वर १९३६ मध्ये गेले. पुढच्या वर्षी कांबळी दुकानं, बायकामुलं सोडून निघाले, हिमालयाच्या ओढीनं. आणि वर्षभरात परत आले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण मुलांना वाटतं अध्यात्म म्हणजे सोडून जाणं. हा माणूस परत येऊन पुन्हा गल्ल्यावर बसला. आठांपैकी एक दुकान उरलं होतं, तेवढं घर चालवायला पुरलं. पुढची सगळी वर्षं, ८ सप्टेंबर १९८१ ला घशाच्या कर्करोगानं जाईपर्यंत, पत्ता तोच.

दुसरी तक्रार ‘कालबाह्य’ या शब्दाची. ही मोठी आहे, जरा धीर धरावा.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीत दोन्ही वेळा पास, लेखीत दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून होता. कुणीतरी त्याला काही विचारलं तर म्हणाला, “मी आता कुणीच नाही, सर.” तास ‘अमृतानुभवा’चा होता, सातव्या प्रकरणाचा, म्हणजे अज्ञानखंडनाचा. हे प्रकरण सगळ्या ग्रंथात लांब, मुलं त्यात जाम कंटाळतात. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर तीन वाक्यं लिहिली :

मी पोलीस आहे.
मी नापास आहे.
मी आहे.

मग डस्टर घेऊन पहिल्या दोन ओळींतला मधला शब्द पुसला. तिन्ही वाक्यं सारखी झाली. “आता सांगा,” म्हटलं, “यातलं भरतीनं काय घेतलं?” त्या मुलाला विचारलं, ‘मी कुणीच नाही’ हे सांगायला तरी कुणी आहे की नाही? वर्ग हसला. तोही हसला, जरा उशिरा.

त्यानं त्याचं दुःख गेलं, असा दावा करणार नाही. बापाच्या डोक्यावरचं सोसायटीचं कर्ज तसंच आहे, आणि वर्षभर उधारीवर घेतलेल्या शूजचे पैसेही. अद्वैत, म्हणजे ‘सगळं एकच आहे’ ही शिकवण, हे हप्ता फेडायचं साधन नव्हे. पण एका परीक्षेच्या निकालावर आपलं सगळं ‘असणं’ टांगून ठेवणारी ही पिढी आहे, आणि त्यात त्यांचा दोष थोडा, आपला जास्त. मोबाइलवर दिवसभर ‘मी अमुक’, ‘आम्ही तमुक’, जातीचा झेंडा, गावाचा झेंडा, कुठल्या तरी नेत्याचा फोटो. त्यांच्यासमोर बसून जो माणूस ‘अमुक’ पुसून ‘आहे’ एवढं शिल्लक ठेवायला सांगतो, तो कालबाह्य कसा?

आता मराठीच्या मंडळासमोर मराठीचा मुद्दा. ‘मी आहे’ म्हणतो, ‘झाड आहे’ म्हणतो. क्रियापद तेच. संस्कृतात ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ वेगळे, हिंदीत ‘हूँ’ आणि ‘है’ वेगळे, इंग्रजीत ‘अ‍ॅम’ आणि ‘इज’ वेगळे. मराठीत मी असलो काय, समोरचा आंबा असला काय, असणं एकाच शब्दात मावतं. (आमच्या मालवणीत ‘मी आसंय’ आणि ‘तो आसा’ असे दोघे वेगळे पडतात, हे कबूल करतो, पण महाराजांचं निरूपण मराठीत चाले.) व्याकरणावरून वेदान्त सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. मात्र हा माणूस ज्या भाषेत बोलला त्या भाषेत ‘मी आहे’ला आपोआप जो पाझर आहे, तो इंग्रजीत नाही. तिथे ‘आय अ‍ॅम’ म्हटलं की पहिल्या शब्दालाच मोठं अक्षर येतं.

आणि जरा पुढचं. शेवटच्या वर्षांत, आजारपणात, महाराज त्या ‘मी आहे’चीही गय करत नव्हते. ही जाणीवसुद्धा आलेली गोष्ट आहे, अन्नरसाच्या देहावर उमटलेली. न विचारता आली, न विचारता जाईल. मग ती येण्याआधी तू काय होतास ते पाहा, असा त्यांचा रोख असे. घशाला कर्करोग झालेला माणूस हे त्याच घशानं सांगत होता. हे मी भाविकपणे लिहीत नाही. एखाद्यानं सांगितलेलं आणि त्याच्यावर गुदरलेलं यात अंतर किती, हा साहित्याचाही प्रश्न आहे, आणि इथे ते अंतर फारसं दिसत नाही.

याच ठिकाणी ‘अमृतानुभव’ आणि खेतवाडी एकत्र का हवीत, ते सांगतो. सगळं एकच आहे म्हणणारे महाराज भजन-आरती शेवटपर्यंत करत राहिले. गुरूंच्या तसबिरींना हार, टाळ, सगळं रीतसर. परदेशी वाचकाला याचं कोडं पडतं : एकच आहे तर नमस्कार कुणी कुणाला करायचा? ‘अमृतानुभवा’चं नववं प्रकरण वाचलेल्या मराठी मुलाला पडत नाही. डोंगर कोरून त्यातच देव काढावा, देऊळ काढावं, आणि देवाचा परिवारही काढावा, तसा एकात राहूनच भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असं ज्ञानेश्वर तिथे विचारतात. ही ओवी शिकवून झाली की आम्ही मुलांना वेरुळला नेतो. सोळाव्या लेण्यात, कैलासात, उभं राहिलं की फारसं शिकवावं लागत नाही. कळसापासून खाली कोरत आणलेला एकच खडक, त्यातच हत्ती, त्यातच खांब, त्यातच शिवलिंग.

तिथेच दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं, “सर, सगळा एकच दगड, तर चोखोबाला पायरीशी थांबवणारा दगड कुठला?”

मंडळातल्या काही सदस्यांच्या मनात माझ्या प्रस्तावाबद्दल हाच प्रश्न असेल, तर तो इतिवृत्तात यायला हवा होता. तो ‘कालबाह्य’पेक्षा शंभर पट चांगला आक्षेप आहे. अद्वैत सांगणाऱ्या या देशात पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं. ‘सगळं ब्रह्म’ म्हणणारे ओसरीवर बसून राहिले आणि पाणी वरून वाढलं गेलं, हा इतिहास आहे. त्या मुलीला मी गुळगुळीत उत्तर दिलं नाही. म्हटलं, ओवीनं तुला हा प्रश्न विचारायची जागा दिली, एवढं खरं. ओवी म्हणणाऱ्यांनी तो शतकानुशतकं विचारला नाही, हेही खरं. आम्ही परतीच्या एस.टी.त त्यावर खेड येईपर्यंत भांडलो. मला सांगा, असं भांडण मुलांनी कुठल्या तासाला करायचं? पत्रिकाच बंद म्हटल्यावर अद्वैताला शिव्या घालायलाही वर्ग उरला नाही.

तिसरी तक्रार ऐकून वाचकांना हसू येईल. मला आलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार भारतीय ज्ञान प्रणालीची दोन श्रेयांकांची पत्रिका आपल्याकडे सुरू झाली. ती मराठी मंडळाची नाही, हे मान्य. पण तिच्या मराठी माध्यमाच्या नोट्स आपल्या दोन सदस्यांनी तपासल्या आहेत, त्यांची नावं मुखपृष्ठावर आहेत. तिथे ‘मनःस्वास्थ्य’ या घटकात दीड पानाचा एक उतारा आहे. निसर्गदत्त महाराजांचा. इंग्रजीतून मराठीत केलेला!

म्हणजे मराठीत बोललेलं इंग्रजीत गेलं, आणि तिथून परत मराठीत आलं. वाटेत त्याचं जे झालं, त्याचे नमुने देतो. ‘साक्षी’चा, म्हणजे आतून नुसतं पाहणाऱ्याचा, ‘साक्षीदार’ झाला आहे. कोर्टात पुकारा झाल्यावर उभा राहतो तो. ‘मी आहे’चं ‘मी अस्तित्वात आहे’ झालं आहे. वेदान्तातला नेहमीचा वांझेचा पुत्र, म्हणजे असूच न शकणारी गोष्ट, ‘मूल न होणाऱ्या स्त्रीचे अपत्य’ होऊन आला आहे. एका विद्यार्थिनीनं ‘म्हणजे दत्तक का?’ असं विचारलं. ‘जाणीव’, जो शब्द आमच्या आजीलाही कळायचा, त्याच्या जागी कुठे ‘चेतना’, कुठे ‘सजगता’, तर एका ठिकाणी ‘भान-अवस्था’. जाणीव जाणण्यातून येते. नेणीव तिच्या शेजारीच बसलेली असते. ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत हे शब्द जसे फिरलेत, ते मुलांना माहीत असतात. नोट्सच्या मराठीत त्यांना ओळखीचं काही सापडत नाही, आणि मग ती म्हणतात, हे फार अवघड आहे, सर. तो माणूस आयुष्यभर गल्लीतल्या लोकांना कळेल असं बोलला, आणि आपण त्याला अवघड करून दाखवलं.

यात त्या मूळ इंग्रजी अनुवादकाला बोल नाही. उलट त्याचं ऋण मोठं. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा इंजिनिअर. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास राजानं कारभार प्रजेच्या हाती दिला, त्या प्रयोगात हा होता. पुढे मुंबईत तो खेतवाडीचा जिना चढू लागला, ध्वनिफिती ऐकून त्यानं पुस्तक सिद्ध केलं, आणि ते १९७३ मध्ये मुंबईतच छापलं गेलं. आज जगात कुठल्या कुठल्या भाषांत ते वाचलं जातं. एका पोलिश माणसानं मराठी फिती कान देऊन ऐकल्या. मराठीच्या प्राध्यापकांनी, म्हणजे मीही त्यात आलो, तेवढे कष्ट घेतले नाहीत. महाराजांची मराठी निरूपणं छापलेली नाहीतच, असंही नाही. भक्तांनी ती जपली, आपल्या पदरच्या पैशांनी काढली. ती त्यांच्या वर्तुळात फिरतात, कॉलेजच्या ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीत येत नाहीत, कारण यादी अभ्यासक्रमावरून होते, आणि अभ्यासक्रम आपण करता.

चौथी तक्रार छोटी. पत्रिका बंद झाल्याचं परिपत्रक जूनच्या शेवटी आलं, प्रवेश झाल्यावर. विद्यार्थिसंख्या कमी हे कारण तोंडी सांगितलं गेलं. आमच्याकडे गेल्या वर्षी नऊ मुलं होती. नऊ ही कमी संख्या आहे की नाही, हे चांगदेवाला विचारायला हवं. त्याला एकट्यासाठी पासष्ट ओव्या मिळाल्या होत्या.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे मीही खाल्ले. त्या दर्जासाठी आपण जे पुरावे पुढे करत होतो, त्यांत या भाषेची तत्त्वचिंतनाची ताकद होतीच. दर्जा मिळाल्यावर तेच चिंतन शिकवणारी पत्रिका गुंडाळायची, हे मला समजत नाही. रागानं नाही म्हणत. खरोखर समजत नाही.

माझ्या मागण्या अशा.

‘मराठीतील तत्त्वकाव्य’ ही पत्रिका सहाव्या सत्रात ऐच्छिक म्हणून परत सुरू करावी. नऊ मुलं असली तरी. सक्ती नको. सक्तीनं अद्वैत शिकवण्यासारखं विनोदी काही नसेल.

ज्ञान प्रणालीच्या नोट्समधला तो उतारा काढून मराठी निरूपणातला घ्यावा, प्रकाशकांची परवानगी घेऊन. मूळ मिळेपर्यंत निदान उताऱ्याखाली ‘मूळ मराठी निरूपण, इंग्रजी अनुवादावरून पुन्हा मराठीत’ एवढी ओळ छापावी. मुलांना कळू दे की हा माणूस त्यांच्याच भाषेत बोलत होता.

साक्षी, जाणीव, नेणीव, स्फुरण, निरूपण, अनुग्रह, महाकारण अशा दोनेकशे शब्दांची एक वही आम्ही शिक्षक मिळून करू. मानधन नको. मंडळानं ती संकेतस्थळावर ठेवावी, म्हणजे पुढच्या अनुवादकाच्या हातून साक्षीचा साक्षीदार होणार नाही.

क्षेत्रप्रकल्पात मुलांना ध्वनिफिती उतरवून घेण्याचं काम देऊ द्यावं. मुंबई-कोकणात कितीतरी घरांत जुन्या निरूपणांच्या, कीर्तनांच्या, भजनांच्या कॅसेट पडून आहेत. खेतवाडीच्याच असतील असं नाही, कुठल्याही. दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते, फितीवरचा थर सुटायला लागतो, मग आवाज जातो तो जातोच. मालकाच्या संमतीनं संगणकावर घ्यायच्या, ऐकायच्या, शब्दशः लिहायच्या. बोललेली मराठी कशी असते हे याहून चांगलं कुठं शिकणार? यासाठी एक चांगला कॅसेट-प्लेअर आणि एक जोडणीची तार पुरते. प्लेअर माझ्याकडे आहे.

आणि इतिवृत्तातली ती ओळ दुरुस्त करावी. प्रस्ताव पुन्हा नाकारायचा असेल तर जरूर नाकारावा, पण कारण लिहावं, वाद घालता येईल असं.

पुढची बैठक कधी आहे ते कळवलंत तर मी येईन. त्या दिवसाचे तास बुडतील, त्यांचे पैसे कापले जातील, त्याची काळजी करू नये. दहा मिनिटं आणि एक फळा मिळाला तर पुरे.

कळावे,
आपला,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक, मराठी

ता. क. वर ज्याचा उल्लेख केला त्या मुलानं त्या तासानंतर महाराजांचं पुस्तक मागितलं. आमच्या ग्रंथालयात इंग्रजी प्रत निघाली, मराठीतलं काही नाही. तो ती प्रत मोबाइलसमोर धरतो आणि पानाचं मराठी करून घेतो. जेवढं पटतं तेवढं वहीत उतरवतो, आणि समासात मूळ मराठी शब्द काय असेल तो अंदाजानं लिहितो. मजकूर पेनानं, अंदाज पेन्सिलीनं. तीन महिन्यांत वहीची चाळीस पानं भरली आहेत. मंडळाला पाहायची असेल तर त्याला विचारून घेऊन येतो.